पळालेली मोटार आणि उभी राहिलेली मोटार

सेकंडहँड मोटार घ्यावयाचें घरांत ठरलें कीं पहिला प्रश्न ठरलेलाच असतो : "किती पळाली आहे?" आंकडा मोठा निघाला कीं माणसें मान हलवितात, लहान निघाला कीं समाधान पावतात. बैल घेतांना दांत पाहावे तसा मीटरवरचा आंकडा पाहिला म्हणजे मोटारीचें परीक्षण संपलें, अशी पुष्कळांची समजूत दिसते. ही समजूत सर्वत्रच अपुरी आहे. परंतु लोणावळ्याच्या परिसरांत, आणि विशेषतः तुंगार्लीसारख्या ठिकाणीं, ती घातकही ठरते असें आम्हांस वाटतें. येथें मोटार झिजते थोडी आणि कुजते फार. आणि जी नेमानें पळत राहते ती सहसा कुजत नाहीं.

तुंगार्लीची हवा माणसांच्या प्रकृतीस मानवते, यंत्रांच्या मानवत नाहीं. लोणावळ्यास वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यांतला बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. ज्येष्ठाच्या अखेरीपासून भाद्रपदापर्यंत कपाटांतील पुस्तकांस बुरशी येते, डब्यांतले पोहे सादळतात, दारांच्या कड्या तांबड्या होतात. असल्या हवेंत पत्र्याची, रबरी नळ्यांची आणि तांब्याच्या तारांची एक मोठी पेटी झाडाखालीं तीन तीन आठवडे न हलतां उभी राहिली, तर तिचें काय होत असेल हें गृहिणींस निराळें सांगावयास नको. आमच्या भागांत वर्षभर नांदतीं घरें आहेत, तसेच केवळ शनिवार-रविवारीं उघडणारे बंगलेही पुष्कळ आहेत. त्या बंगल्यांच्या पोर्चमधून निघणाऱ्या "अगदीं कमी पळालेल्या" मोटारींची भुरळ भल्याभल्यांस पडते.

आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब गेल्या वर्षीं अशाच दोन मोटारींच्या पेंचांत सांपडलें होतें. घरांत वृद्ध आईवडील, दोघे भाऊ, दोघांच्या बायका आणि तीन मुलें, अशीं नऊ माणसें. वडिलांस हृदयविकारामुळें दर महिन्यास पुण्यास न्यावें लागे. भाड्याच्या गाडीचा खर्च होई तो होईच; पण रात्रीबेरात्रीं गरज पडली तर गाडी मिळेल कीं नाहीं, ही टोंचणी निराळी. दोघां भावांनीं मिळून चार लाख रुपये बाजूस काढले होते आणि त्यापुढें एक पैही टाकण्याची सोय नव्हती. पहिली मोटार एका बंगल्यांतली : वय अकरा वर्षें, पळाली अवघी बावीस हजार किलोमीटर, रंग आरशासारखा. दुसरी सहा वर्षांची, पण मीटरवर एक लाख अडतीस हजारांचा आंकडा. तिचा मालक लोणावळ्याहून रोज पिंपरीस कामावर जात असे. किंमती जवळजवळ सारख्याच. धाकट्या भावाचें मन पहिलीवर जडलें होतें, आणि वडिलांनींही "कमी चाललेली वस्तु बरी" असा कौल दिला होता.

थोरल्या सूनबाईंनीं मात्र घरच्या हिशेबाच्या वह्या पंधरा वर्षें लिहिलेल्या. त्यांनीं एकच प्रश्न केला : "भावजी, हिच्या खर्चाची वही कुठें आहे?" पहिल्या मोटारीची वही नव्हती, ती सर्व्हिसिंगला शेवटची केव्हां गेली हें बंगल्याच्या माळ्यालाही आठवेना. दुसरीच्या मालकानें मात्र जाडजूड फाईलच पुढें ठेविली. तींत ऑइल बदलल्याच्या पावत्या होत्या, टायर घेतल्याच्या होत्या, बॅटरीच्या वॉरंटीचें कार्डसुद्धां होतें. तरीही वाद मिटेना, तेव्हां दोन्ही मोटारी बाजारांतल्या एका वयस्क मिस्त्रीस दाखविण्याचें ठरलें.

मिस्त्रीनें पहिल्या मोटारीच्या इंजिनाकडे पाहिलेंच नाहीं. तो प्रथम जमिनीवर आडवा झाला. दारांच्या खालच्या कडांस रंग फुगून आलेला होता, म्हणजे आंतून गंज बाहेर येत होता. सायलेन्सर आंतून पोखरलेला. ब्रेकच्या चकत्यांवर गंजाचे खड्डे. चारी टायर मूळचेच, वरून जाड दिसणारे, पण बाजूंस बारीक भेगा पडलेले. बॉनेट उघडल्यावर तारांच्या जुडग्यांत उंदरांचें वाळलेलें घरटें निघालें आणि वातानुकूलनाची एक नळीही कुरतडलेली दिसली. दुरुस्तीचा अंदाज लाखाच्या घरांत गेला. दुसरीचा क्लच संपत आला होता, पुढच्या चाकांचीं रबरी बुशें ढिलीं झालीं होतीं आणि चालकाच्या बैठकीचा कापड विरला होता. पत्रा मात्र ठणठणीत होता. क्लचचा खर्च किंमतींतून वजा करून घेऊन कुटुंबानें हीच घेतली. धाकटे बंधु दोन दिवस अबोल होते, असें ऐकतों.

यांत चमत्कार कांहीं नाहीं. महामार्गावर सरासरी ताशीं साठ किलोमीटर वेगानें धांवणारी मोटार एक लाख किलोमीटर पळते तेव्हां तिचें इंजिन सुमारें १,६७० तास चाललेलें असतें. शहराच्या गर्दींत ताशीं वीसच्या गतीनें तेवढेंच अंतर कापणाऱ्या मोटारीचें इंजिन ५,००० तास राबतें. शिवाय तिचा क्लच आणि ब्रेक किती वेळां दाबला गेला असेल त्याची गणतीच नाहीं. मीटर अंतर सांगतो, श्रम सांगत नाहीं. इंजिनाची मोठी झीज थंड इंजिन सुरू करतांना, ऑइल सर्वत्र पोंचण्यापूर्वीं होते. लांबच्या प्रवासांत इंजिन एकदां तापतें आणि मग एकसारखें चालतें. उभ्या मोटारीच्या पेट्रोलाचाही प्रश्न आहे. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें, आणि इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. आषाढांत महिनाभर उभ्या असलेल्या मोटारीच्या टाकींत तें ताजें राहील अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय.

मात्र आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये. फार पळाली म्हणून ती चांगली, असा उलटा नियम आम्ही सांगत नाहीं. भाड्यानें चाललेली, दहा चालकांच्या हातांतून गेलेली, घाटांतल्या रांगांत अर्ध्या क्लचवर तासन् तास धरून ठेविलेली मोटार पन्नास हजारांतच थकलेली असूं शकते. पळालेली आणि सांभाळलेली हे दोन गुण एकत्र असतील तेथेंच हात घालावा.

पळालेली आणि सांभाळलेली म्हणजे काय, याचें मोठें उदाहरण मुंबईनें आपल्यासमोर अनेक दशकें ठेविलें होतें. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट जातीची मोटार तयार होई, तीच पुढें प्रीमियर पद्मिनी या नांवानें ओळखली जाऊं लागली. काळ्यापिवळ्या रंगाच्या या टॅक्सींनीं मुंबईचा पाऊस, खारी हवा, खड्डे आणि गर्दी हें सर्व सोसलें. कारखाना बंद झाल्यावरही त्या धांवत होत्या. अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत नोंदली गेली, आणि टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस ती रस्त्यावरून निवृत्त झाली. ती कायद्यानें थांबली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. रचना साधी, सुटे भाग गल्लीगल्लींत मिळणारे, आणि पोट तिच्यावर असल्यामुळें रोज सकाळीं बॉनेट उघडून पाहणारा धनी : या तीन गोष्टींवर ती तगली.

परदेशचा दाखला हवा असेल तर ग्रीस देशांतील थेस्सालोनिकी शहराच्या ग्रेगोरिओस सॅखिनिडिस या टॅक्सीवाल्याचा घ्यावा. त्यानें १९७६ सालची मर्सिडीज २४० डी ही मोटार १९८१ मध्यें सेकंडहँड घेतली, तेव्हांच ती दोन लाख वीस हजार किलोमीटर पळालेली होती. २००४ मध्यें ती कंपनीच्या संग्रहालयांत गेली तेव्हां मीटरची बेरीज ४६ लाख किलोमीटर झाली होती! या अवधींत त्यानें इंजिनें आळीपाळीनें काढून, दुरुस्त करून पुनः बसविलीं. आमच्या दृष्टीनें या हकीकतींतील बोध हाच कीं इंजिन बदलतां येतें, सांगाडा बदलतां येत नाहीं. मिस्त्री आधीं जमिनीवर आडवा कां झाला, याचें उत्तर यांत आहे.

म्हणून तुंगार्लींत मोटार पाहावयाची ती या क्रमानें : प्रथम पत्रा, मग ब्रेक, आणि इंजिन शेवटीं. दारांच्या कडा, चाकांवरच्या कमानी, मागच्या डिकींतील सतरंजीखालची जागा, जॅक लावण्याचे ठोंबे, हे बोटानें दाबून पाहावेत. पत्रा दबला किंवा पापुद्रा सुटला तर किंमत विचारण्याचेंही कारण नाहीं. नवा रंग दिलेला असेल तर तो कां दिला हें विचारावें. रंगाखालीं अपघात किंवा गंज यांपैकीं एक लपलेला असण्याचा संभव फार. टायरच्या कडेवर चार अंकांचा एक आंकडा असतो : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असें असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांतला. विक्रेता गोड बोलत असतां हा आंकडा वाकून वाचण्यास संकोच वाटूं देऊं नये.

पूर आलेल्या गांवांच्या मोटारींविषयीं विशेष सावध असावें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मोटारी पाण्याखालीं गेल्या. तसे प्रसंग पुढेंही ठिकठिकाणीं येत राहिले आहेत. अशी मोटार वरून चकचकीत करून दूरच्या गांवीं विकतात. सुरक्षापट्टा अगदीं शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा. तेथें गाळाची रेघ राहून जाते. बैठकीखालचे रूळ गंजलेले, दिव्यांच्या कांचांत आंतून धुकें आणि आंत अत्तराचा उग्र दरवळ, हीं तिन्हीं लक्षणें एकत्र दिसलीं तर नमस्कार करून घरीं यावें.

मीटरच्या आंकड्याविषयीं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तो मागें फिरवितां येतो; आजकालचा आंकडी मीटरही त्यास अपवाद नाहीं. म्हणून ज्या गृहस्थांस केवळ आंकड्यावरच मोटार घ्यावयाची असते, तेच अधिक फसतात. तीस हजार पळालेल्या मोटारीच्या ब्रेकच्या पायपट्टीचें रबर गुळगुळीत झालेलें असेल, स्टिअरिंगचें कातडें चकाकत असेल, तर कोणीतरी खोटें बोलत आहे. आणि रबराला खोटें बोलतां येत नाहीं. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपांत मोटारीच्या क्रमांकावरून जुन्या सर्व्हिसिंगची नोंद बहुधा मिळते. तींत दर वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. मालकाच्या संमतीनें ती मागून घ्यावी.

ब्रेकांकडे मात्र आम्ही वाचकांचें लक्ष अधिक वेळ धरून ठेवूं इच्छितों. सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हांपासून या घाटानें अनेक वाहनांची परीक्षा घेतली आहे. लोणावळें समुद्रसपाटीपासून सहाशें मीटरांहून उंच, खोपोली पायथ्याशीं. पांचशें मीटरांहून अधिक उंचीचा हा उतार सबंध ब्रेकवर पाय ठेवून उतरूं गेल्यास ब्रेक तापतात. ब्रेक ऑइल जुनें असेल तर तें ओल शोषून बसलेलें असतें, त्या ओलीची वाफ होते, आणि पाय दाबला तरी चाक धरत नाहीं. मोटारींत आठ माणसें, त्यांत एक हृदयविकाराचा वृद्ध, बाहेर धुकें आणि पाऊस. अशा वेळीं दोन वर्षांपूर्वीं बदलावयाच्या चारपांचशें रुपयांच्या द्रवावर सर्वांचे प्राण टांगलेले असतात. ज्या गिअरांत चढाल त्याच गिअरांत उतरा, हा जुन्या चालकांचा नियम आजही लागू आहे. एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या नव्या मोटारींस, चाकें जागींच अडकून घसरूं न देणारी ए.बी.एस. ही ब्रेकयोजना सक्तीची झाली आहे. ओल्या घाटरस्त्यावर तिचें मोल फार. म्हणून २०१९ नंतरची लाखभर पळालेली मोटार आणि २०१४ ची वीस हजार पळालेली मोटार यांत निवड करावयाची झाल्यास, पत्रा व कागद निर्दोष असतांना आम्ही डोळे मिटून पहिली घेऊं.

पैशाचा विचारही याच बाजूस झुकतो. विम्याच्या रूढ कोष्टकाप्रमाणें मोटार एक वर्षाची होतांना १५ टक्के, तीन वर्षांची होतांना ३० टक्के आणि पांच वर्षांची होतांना ५० टक्के किंमत उतरलेली धरतात. म्हणजे पहिल्या मालकानें अर्धी किंमत पावसांत सोडून दिली; ती आपल्यास सोडावी लागत नाहीं. मात्र वांचलेल्या पैशांतील निदान दहावा भाग पहिल्याच वर्षाच्या दुरुस्तीसाठीं निराळा ठेवावा. चार लाख आहेत म्हणून चार लाखांची मोटार घेणें हा अविचार होय.

मोटार पाहण्यास जातांना सकाळीं लवकर जावें आणि इंजिन आधीं तापवून ठेवूं नये असें बजावून सांगावें. थंड इंजिनाचा पहिला धूर पाहावा. निळसर असेल तर तें ऑइल जाळीत आहे. मग तुंगार्ली तलावाकडे चढणाऱ्या रस्त्यावर ती चालवून पाहावी. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि मोटार मात्र पुढें सरकत नाहीं, असें झालें कीं क्लच गेला. उतरतांना मोकळ्या जागीं हलका ब्रेक लावून ती एका बाजूस ओढली जाते कीं काय हें पाहावें. सपाट रस्त्यावर हें कांहीं कळत नाहीं.

कागदपत्रांच्या बाबतींत सुशिक्षित घरांतही आश्चर्यकारक ढिलाई दिसते. ओळखीचा माणूस आहे, मग नांव काय सावकाश होईल, असें म्हणतात. कायद्याप्रमाणें विकणारानें चौदा दिवसांत आणि घेणारानें तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळविलें पाहिजे. मावळांतील नोंदणी एम.एच. १४ म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयाकडे. त्यासाठीं २९ व ३० क्रमांकाचे नमुने भरावे लागतात. मोटारीवर बँकेचें कर्ज होतें असें नोंदणीपत्रावर दिसत असेल तर ३५ क्रमांकाचा नमुना व बँकेचा दाखला हातीं आल्याविना पैसे देऊं नयेत. फेब्रुवारी २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें स्पष्टच सांगितलें कीं, नोंदणींत ज्याचें नांव आहे तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक. मोटार विकून टाकली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते. तेव्हां आपली जुनी मोटार विकतांनाही हें स्मरावें. विमा चौदा दिवसांच्या आंत आपल्या नांवावर करून घ्यावा. नाहींतर आपल्या मोटारीच्या नुकसानीची भरपाई मिळण्यास अडचण येते. १ एप्रिल २०१९ पूर्वींच्या मोटारीस उच्च सुरक्षा नंबरपाटी बसली आहे कीं नाहीं, आणि नोंदणीचीं पंधरा वर्षें केव्हां भरतात, हेंही पाहावें. पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणीचें शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून सहाशें रुपयांवरून पांच हजारांवर गेलें. पर्यावरण कर निराळा. स्वस्त मिळालेली चवदा वर्षांची मोटार वर्षभरांतच महाग होते ती अशी.

आतां सांभाळण्याविषयीं. आमच्याकडे मोटारीचें वर्ष मृग नक्षत्राच्या आधीं सुरू होतें असें समजावें. पाऊस लागण्यापूर्वीं वायपरचीं रबरें, ब्रेक, टायर आणि बॅटरी पाहून घ्यावी, आणि पुढच्या कांचेखालच्या जाळींत सांचलेला पाला हातानें काढावा. हें काम क्षुल्लक वाटतें, पण पाला कुजून भोंकें बुजलीं कीं पाणी थेट पायांखालच्या सतरंजींत उतरतें. दारांच्या खालच्या कडेसही बारीक भोंकें असतात, तीं काडीनें मोकळीं करावीं. ऑइल पुस्तिकेंत सांगितलेल्या किलोमीटरांवर किंवा वर्ष भरतांच, यांपैकीं जें आधीं येईल तेव्हां बदलावें. रेडिएटरमध्यें नळाचें पाणी न घालतां कूलंटच घालावा, नाहींतर आंतून गंज धरतो. इंजिनास टायमिंग बेल्ट आहे कीं साखळी, हें घेतांनाच विचारून ठेवावें. बेल्ट असेल आणि तो केव्हां बदलला याची पावती नसेल, तर बदललाच नाहीं असें धरून चालावें. तो चालत्या गाडींत तुटला तर सबंध इंजिनाचाच खर्च उभा राहतो. २०२० नंतरच्या डिझेल मोटारी केवळ बाजारहाटासाठीं वापरणारांनीं दर पंधरवड्यास तिला महामार्गावर अर्धा तास धांवूं द्यावें, म्हणजे धुराच्या गाळणींत काजळी बसत नाहीं.

श्रावण-भाद्रपदांत मोटार बाहेर काढण्याचें काम नसलें तरी आठवड्यांतून दोनदां वीस-पंचवीस मिनिटें चालवावी. जागेवरच इंजिन सुरू करून ठेवण्यानें बॅटरीस थोडें समाधान मिळतें, बाकी कशासच नाहीं. त्याच वेळीं बॉनेट उघडून उंदरांचा मागमूस पाहावा आणि मुलांनीं सांडलेले शेंगदाणे बैठकीखालून झाडून घ्यावेत. दसऱ्यास फुलें वाहण्यापूर्वीं मोटार खालून दाबाच्या पाण्यानें धुवून घ्यावी आणि गंजरोधक लेप देववावा. चिखलाचा जो थर पावसाळ्यांत पत्र्याच्या सांध्यांत भरतो तो हिंवाळाभर ओल धरून बसतो.

घरांत दोघेतिघे चालविणारे असतील तर वही एकाच्याच हातीं असावी. पेट्रोल, हवा, दुरुस्ती, तारीख आणि किलोमीटर एवढे पांच रकाने पुरेत. एका लिटरमागें मिळणारें अंतर दोनतीन महिने उतरत चाललें कीं कोठें तरी ब्रेक घासतो आहे किंवा हवा कमी आहे, हें मिस्त्रीच्या आधीं वही सांगते. आणि मोटार विकण्याची वेळ येईल तेव्हां हीच वही घेणाराच्या पुढें ठेवितां येते.

सांगाड्यास गंज लागून आरपार भोंकें पडलीं, किंवा वर्षाचा दुरुस्तीखर्च मोटारीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, म्हणजे ती कितीही प्रिय असली तरी तिला निरोप द्यावा. अशी मोटार रस्त्याच्या कडेच्या भंगारवाल्यास न देतां सरकारमान्य वाहन-भंगार केंद्रास द्यावी आणि तेथून ठेवीचें प्रमाणपत्र व नोंदणी रद्द झाल्याचा दाखला मागून घ्यावा. चासीचा क्रमांक कापून घेतल्याशिवाय तिला तेथून हलवूं देऊं नये.